फाळक्यावर लिहिलेलं गाणं

माझा ब्लॉग वाचणारी माणसं मला हमखास दोन गोष्टी विचारतात. तुमचं शिक्षण किती, आणि ब्लॉगला ‘फाळका’ हे कसलं नाव. पहिल्याचं उत्तर चटकन देतो. चौथी, आणि तीसुद्धा दोनदा. दुसऱ्याला वेळ लागेल. लांबण लावतो म्हणून कोणी नाक मुरडणार असेल तर त्याने खुशाल दुसरीकडे जावं, मी हात धरून बसवलेलं नाही.

ट्रकच्या मागची जी आडवी लोखंडी झडप, माल ओतताना उघडते ती, तिला फाळका म्हणतात. मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर दिवसभर तीच असते. आता मी ब्लॉगवर काय करतो ते सांगतो. कुठल्या कंपनीच्या दारात उभं न राहता, आपलं गाणं आपणच रचून, घरच्या घरी भरून सोडणारी पोरं-पोरी हल्ली गावोगाव आहेत. त्यांची गाणी मी शोधतो, ऐकतो, आणि एका बोटाने टाइप करून लोकांना सांगतो की बाबांनो, हे ऐका. याला इंडी म्हणतात असं मला एका शहाण्या माणसाने तासभर समजावलं. मी म्हटलं, म्हणजे घरच्या खोबऱ्याचं घाण्यावर काढलेलं तेल. तो म्हणाला, हो, अगदी तसंच. मग तासभर का खाल्लास माझा? गेल्या आठवड्यात पेडण्याकडच्या एका मुलीचं गाणं मिळालं. ती न्हाणीघरात मोबाईल ठेवून गाते, कारण तिथं आवाज गोल होतो म्हणे. मागे बाल्दीत पाणी ठिबकतं, तोच तिचा तबला. मी तिला आधी निरोप धाडला, तुझ्यावर लिहू का, आणि तुझं नाव कसं लिहायचं, ऱ्हस्व की दीर्घ, ते तूच सांग. लोकांना वाटतं म्हातारा फार सभ्य. सभ्यपणा कसला! ही खोड मला विशीत लागली, आणि ती लावणारीने माझी चांगली जिरवून लावली.

तेव्हा मी गोव्याच्या पेडण्यातलं घर सोडून डिचोलीकडे, आमोण्याला मावशीकडे राहायला आलो होतो. जड वाहनाचं लायसन नुकतं हातात पडलं होतं आणि खाणीवर खनिजाच्या ट्रकांना ड्रायव्हर कमी पडत होते. मावशीचं घर नदीपासून हाकेवर. पुढे भाताचं शेत, मागे मांडवी. तिचा नवरा वारला होता, पोरंबाळं नव्हती, आणि मी गेलो तेव्हा तिने माझ्यापुढे एकच अट ठेवली, की खाणीच्या धुळीचे तांबडे पाय घेऊन आत यायचं नाही. दाराशी कायम पाण्याने भरलेली बाल्दी असे. मी आधी पाय धुवायचे, मग हात, मग तोंड, आणि तेवढं करूनही ती माझ्या कानामागे बोट फिरवून बघायची. बोट तांबडं आलं की परत बाहेर. एवढा वीस वर्षांचा बाप्या मी, ट्रक हाकणारा, पण मावशीपुढे कान धरून उभा.

त्या घरातली सकाळ मला अजून तशीच्या तशी ऐकू येते. आधी पलीकडच्या काठावरून बार्जचा भोंगा, जाडा, झोपेत कण्हल्यासारखा. मग पाववाला पोदेर सायकलवरून पों पों करत यायचा, आणि मावशी खिडकीतूनच हात बाहेर काढून उंडे घ्यायची. उंडे म्हणजे वरून कडक, आत पोकळ असा गोल पाव. चहात बुडवला की पहिल्यांदा हट्ट करतो आणि मग एकदम शरण येतो. मावशी म्हणायची, तुज्यासारको. न्याहारीला मात्र पेज, उकड्या तांदळाची, वर वाफेचा ढग, बाजूला चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि तोराचं, कोवळ्या कैरीचं, लोणचं. धुकं नदीवरून उठून शेतात यायचं, शेतातून अंगणात, आणि त्या धुक्यात मी ट्रककडे चालत जायचो तेव्हा पायाखालची जमीन आहे की नाही असं वाटायचं. हे सगळं मी आज रंगवून सांगत नाही. त्या वयात मला जागेपणी स्वप्न पडत असत, एवढंच.

खाणीवरून धक्क्यापर्यंत रस्ता फार नव्हता, पण ट्रकांची रांग अशी असायची की एका खेपेला अर्धा दिवस जायचा. डोंगर पोखरून काढलेलं खनिज प्लॉटवर ढिगांनी पडलेलं असे. तिथं भरायचं, काट्यावर वजन करायचं, आणि मुंगीच्या चालीने नदीच्या धक्क्यावर जाऊन ओतायचं. तिथून ते बार्जमध्ये चढायचं आणि पाण्याने मुरगाव बंदराला, मोठ्या बोटीच्या पोटात. आम्ही मुरगाव कधी बघत नसू. आम्हाला दिसायचा पुढच्या ट्रकचा फाळका. सगळं तांबडं. झाडं तांबडी, कुत्री तांबडी, ड्रायव्हरांच्या भुवया तांबड्या. उन्हं तिरपी झाली की ती धूळ हवेत थांबायची आणि पुढचे ट्रक त्यात असे हळूहळू विरून जायचे, की मला वाटायचं आपण रस्त्यावर नाही, कोणाच्या तरी मिटल्या डोळ्यांच्या आतून चाललोय.

काट्यावरचा कारकून वजन झालं की खडूने फाळक्यावर आकडा टाकायचा. एकदा त्याच्या हातातून खडू पडला, तो मी उचलला आणि दिला नाही. हीच माझ्या लिखाणाची सुरुवात. गाण्यांचं वेड मला लहानपणापासून होतं, पण रेडिओवरच्या गाण्यांचं नव्हे. ती सगळ्यांनाच ठाऊक. मला वेड होतं ते ज्यांना कोणी ओळखत नाही त्यांचं. आमच्या गावात एक सुतार होता, रंधा मारता मारता स्वतःच्या चाली बांधायचा आणि संध्याकाळी विसरून जायचा. धक्क्यावर एक खलाशी होता, दोर ओढताना नवीनच काहीतरी म्हणायचा, दर दिवशी वेगळं. असं काही कानावर पडलं की ते माझ्या पोटात ठरत नसे. कोणालातरी सांगितल्याशिवाय पेज उतरत नसे. पण रांगेत कोण कोणाशी बोलणार? एंजिनच्या आवाजात स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. मग मी फाळक्यावर लिहायला लागलो. गाण्याची एक ओळ, खाली ज्याचं गाणं त्याचं नाव. रोज सकाळी जुनं पुसायचं, नवं लिहायचं.

माझ्या मागे बहुतेक मिंगेलचा ट्रक असायचा. मिंगेल माझ्या बापाच्या वयाचा, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, तोंड कायम चालू. पहिल्या दिवशी धक्क्यावर उतरला आणि म्हणाला, “आरे बाबल, तुज्या फाळक्यार कितें बरयलां तें? सुताराचें गाणें? सुताराक गावंक येता जाल्यार म्हाका नाचूंक येता!”

“नाच मगे,” मी म्हटलं.

“आदीं चाल सांग मरे. चाल नासतना कसो नाचूं?”

मी चाल म्हणून दाखवली. त्याने तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी रांगेत त्याच्या ट्रकमधून तीच चाल ऐकू आली, थोडी चर्चमधल्यासारखी लांबवलेली. मग त्याच्या मागच्याने ती घेतली. मी आरशात बघायचो. स्वतःचा फाळका ड्रायव्हरला दिसत नाही, पण त्याच्याकडे बघणारी तोंडं दिसतात. कोण ओठ हलवतोय, कोण हसतोय, कोण डोकं खाजवतोय. आज ब्लॉगखाली लोक अंगठे ठेवतात, बदाम ठेवतात. बरं वाटतं. पण तांबड्या काचेमागे मिंगेलचे ओठ हलताना दिसले तेव्हा जे वाटलं ते नाही वाटत.

प्लॉटवर यंत्रं आली होती, पण चांगली ढेकळं निवडून वेगळी करायला बायकाच लागायच्या. बऱ्याचशा सिंधुदुर्गातल्या, दोडामार्गाच्या पलीकडच्या गावांतल्या. डोक्याला फडकी बांधून, हातात घमेलं घेऊन ढिगावर चढायच्या-उतरायच्या. त्यांचा मुकादम वासू, त्यातल्याच एका गावचा, तिशीतला, कमी बोलणारा. मी भरायला ट्रक लावून बसलेला असताना एका सकाळी ढिगाच्या मागून आवाज आला. गाणारी दिसत नव्हती. आवाज काही गोड म्हणावा असा नव्हता, जरा खरखरीत, नाकातून येणारा, पण असा सरळ, की वाटलं धूळ त्याला चिकटतच नाही.

मांड सुनो पडलो गो, पाय गेले खाणी,
तांबड्या मातयेन भरली माझी वेणी.

मांड म्हणजे गावातली ती जागा, जिथं बायका धालो घालतात, फेर धरतात, गातात. दर गावाचा आपला मांड असतो, आणि वर्षातले ते चार दिवस आले की त्या मातीला नुसत्या पायांनी नमस्कार करून मग नाचायचं. तो मांड सुना पडलाय, कारण नाचणारे पाय खाणीवर गेलेत. एवढंच गाणं. मी खाली उतरून एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, कोण गाते? ती म्हणाली, “ती आमची शेवंती. वासू मुकादमाची भैण. मनानच रचता आणि मनानच म्हणता. आमी म्हटला, गो, आमका पण शिकय, तर म्हणता, अजून पुरा जावक नाय.” तीन दिवस मी मुद्दाम तो ढीग धरून ट्रक लावला आणि ओळी पाठ केल्या. चौथ्या दिवशी सकाळी, सगळ्यात मोठ्या अक्षरात, फाळक्यावर लिहिलं. खाली नाव.

आता माझ्या लिहिण्याबद्दल एक सांगायला हवं. अनुस्वाराशी माझं कधी जमलं नाही. मास्तर छडी मारून थकले. अक्षर काढून झालं की मला वाटायचं झालं काम, डोक्यावर परत टिंब कशाला ठेवायचं? तर मी लिहिलं होतं, ‘माड सुनो पडलो गो’. आणि खाली लिहिलं होतं, ‘शेवती’.

मी वाट बघत होतो की धक्क्यावर मिंगेल नेहमीसारखा टिंगल करत येईल. तो उतरलाच नाही. मी त्याच्या ट्रककडे गेलो तर हा एवढा मोठा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला, डोळे भरलेले. म्हणाला, “बाबल, हें म्हज्या बापायचें गाणें मरे.”

मिंगेलचा बाप रेंदेर, माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा. तो थकला, आणि मिंगेलने माड सोडून ट्रक धरला. माड सुना पडला, पाय खाणीवर गेले. अक्षरन् अक्षर बरोबर बसलं. मला कळलं की त्याने मांडाचा माड केला, म्हणजे मीच केला, पण मी बोललो नाही. एका टिंबाने जर एवढा माणूस रडत असेल तर टिंब नसलेलंच बरं असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला माझाच अभिमान वाटला. रोजची रीत मोडून मी ते पुसलंच नाही, आणि दोन दिवसांत अख्ख्या रांगेत ते माडाचं गाणं झालं. कोणी म्हणे रेंदेराची बायको रचून गेली, कोणी म्हणे नाही, रेंदेर माडावरून पडून मेला. चाल तीच, अर्थ भलताच, आणि मी पुढच्या ट्रकमध्ये बसून ऐकतोय.

आणि मग दुसरी गोष्ट सुरू झाली, जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. ट्रकच्या मागे बाईचं नाव कोण लिहितो? एक तर देवीचं असतं, नाहीतर आपल्या आवडत्या माणसाचं. सगळ्या दुनियेला ठाऊक असलेली रीत. सुताराचं नाव लिहिलं तेव्हा ते सुताराचं गाणं झालं, आणि शेवंतीचं लिहिलं तेव्हा ते माझं लफडं झालं. काट्यावर पोरं शिट्टी मारायला लागली. “काय बाबल, लग्नाचो मांडव खंय घालतलो?” मी चिडून म्हणायचो, अरे गाणं तिचं आहे! ते आणखी हसायचे. चिडणारा माणूस म्हणजे पुरावाच.

शुक्रवारची संध्याकाळ. ऊन अजून होतं, मी अंगणात बाल्दीपाशी पाय धूत होतो, आणि वासू आला. चपला काढून बाहेरच उभा राहिला. मावशीने बस म्हटलं तरी बसला नाही.

“बाबल तूच मां?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. “फाळको पूस. माझ्या भैणीचा नाव ह्या रस्त्यावर सगळे वाचतत. नाय पुसलंस तर उद्या मी तिका घराक न्हेतंय.”

“वासूदादा, मी वाईट काय लिवलंय? गाणा तिचा, म्हणान नाव तिचा. सुताराचाय लिवलेलंय.”

“सुताराक कोण शिट्टी मारणा नाय.”

“मी पुसणा नाय,” मी म्हटलं. पाय अर्धे धुतलेले, एक तांबडा, एक गोरा, आणि माझा हा ताठा. “खऱ्याचा पुसूचा कित्याक?”

वासूने माझा तांबडा पाय बघितला. मग मावशीला नमस्कार केला आणि गेला.

तो गेल्यावर मी मावशीकडे बघितलं, की ती माझ्या बाजूने बोलेल. ती भात निवडत होती. म्हणाली, “पुसूं नाकाच. पुसलें जाल्यार लोक म्हणटले, कितें तरी आसलें म्हणून पुसलें.”

“तेंच म्हणतां हांव.”

“आनी पुसलें ना जाल्यार ती फाल्यां घरा वतली. तिचो रोजगार गेलो, नांव वायट जालें तें जालेंच.”

“मगे करू काय?”

मावशीने सूप खाली ठेवलं. “तिका विचारलें तुवें?”

मी बाल्दीतल्या पाण्याकडे बघायला लागलो.

“तिचें गाणें, तिचें नांव. आनी तुमी दोग बापये म्हज्या आंगणांत उबे रावन झगडटात. ती खंय आसा?” आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, “दुसरो पाय धू.”

मी माझ्या आयुष्यात फार थोड्या माणसांचं ऐकलं. मावशीचं त्या दिवशी ऐकलं, आणि तेही मनातल्या मनात तिला दोन शिव्या देऊन. तिला विचारायचं म्हणजे चूक कबूल करायची असं मला वाटत होतं. तसं नसतं हे कळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. अजून दर वेळी नवीन गाणाऱ्याला निरोप पाठवताना अंगठा जरा अडतो, ती तीच विशीतली अढी आहे.

शनिवारी सकाळी धुकं इतकं होतं की ढीग दिसत नव्हता, नुसता घमेल्यांचा आवाज येत होता. मी ट्रक काट्याच्या रांगेत उभा केला. मागे मिंगेल, त्याच्या मागे सगळे. उतरून ढिगाकडे गेलो. शेवंती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. माझ्याएवढीच असेल, वाळकी, फडकं भुवयांपर्यंत ओढलेलं, आणि त्याखाली असे डोळे, की मी काय बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. तीच आधी बोलली.

“तूच काय रे तो लिवणारो?”

“होय.”

“शाळेत खयपर्यंत गेल्लंस?”

“चवथीपर्यंत.”

“मी पाचवी,” ती म्हणाली, आणि ते असं म्हणाली, जणू मामलेदारीण. “मांडावर टिंब असता, ता तुका कोणी शिकवक नाय? कालपासून सगळ्यो बायका माका हसतत. म्हणे, शेवंते, तू माडावर कधी चढलंस गो? माड कित्याक सुनो पडतलो? माड काय नाचता?”

मी वासूबद्दल, नावाबद्दल, शिट्ट्यांबद्दल बोलायला आलो होतो, आणि ही टिंबावरून भांडत होती. माझा ताठा परत जागा झाला. म्हटलं, “लोकांका तसाच आवडता. मिंगेल रडलो ता आयकान.”

“मगे ता तुझा गाणा. बरा असा. त्याच्याखाली माझा नाव कित्याक?”

मी खिशातला खडू चाचपला.

“आणि नाव तरी खय माझा?” ती म्हणाली. “शेवती म्हणजे कोण? माझ्या नावातय टिंब असा.” मग आवाज उतरला. “दादा माका आज घराक न्हेता. न्हेवंदे, मी काय रडणा नाय. पण थंय जावन कोणासमोर म्हणू? सगळ्यो बायका हय असत. तेच्यावरच तर गाणा केलंय. आणि हय मागे काय रवतला, तर माड.”

मी म्हटलं, “मी चुकलंय. सांग, पुसू काय?”

“खडू हाड,” ती म्हणाली.

मी खिशातून खडू काढला. तिने तो घेतला आणि घमेलं कमरेला लावून चालायला लागली, रांगेकडे, मी मागून. धुकं नेमकं तेव्हाच वर उचललं जात होतं. ट्रकांची तोंडं एकामागून एक दिसायला लागली आणि त्यांतली माणसंही. शिट्टी एकच वाजली, आणि तीही अर्धवट. तिने माझ्या फाळक्यासमोर घमेलं उपडं टाकलं, त्यावर उभी राहिली, आणि ‘माड’वर टिंब दिलं. चांगलं जाडजूड, पिकल्या करवंदाएवढं. मग खाली वाकली. ‘शेवती’च्या ‘व’वर टिंब दिलं. आणि मग, ज्यासाठी मला आजही तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, तिने नावाला एक अक्षर जोडलं. ‘न’. आणि पुढे लिहिलं, ‘केला’.

शेवंतीन केला.

एवढंच. शेवंतीने केलं. एका ‘न’ने, माझ्या फाळक्यावरची कोणीतरी होती ती गाणं करणारी झाली. मी चौथीत दोन वर्षं बसलो, पण अक्षराला एवढं बळ असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मिंगेल खिडकीतून डोकं बाहेर काढून वाचत होता. मोठ्याने, एकेक शब्द. “मांड… सुनो…” आणि थांबला. मला वाटलं, आता हा चिडणार, त्याच्या बापाचं गाणं याच्या हातातून गेलं. त्याने कपाळावरची धूळ पुसली. म्हणाला, “मांड काय? तर म्हज्या बापायचें न्हय तें.” मग थोड्या वेळाने, “पूण चाल तीच न्हय? बाये, फुडें कितें? फुडचें सांग.”

शेवंतीने आमच्याकडे पाठ केलेली होती. घमेल्यावरून ती उतरली नाही. फाळक्याकडे तोंड करूनच, जशी काही त्या लोखंडालाच सांगतेय, तिने पुढचं म्हटलं. ते मी आधी ऐकलेलं नव्हतं. कोणीच ऐकलेलं नव्हतं.

धुवू नको पाय गो, तसेच घेवन ये,
मांडाक सांग, खाणीची माती भेटूक इली गे.

एंजिनं चालू होती, तरी माझ्या आठवणीत तिथं कसलाच आवाज नाही. ढिगावरच्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या. काट्यावरचा कारकून बाहेर येऊन उभा. आणि वासू, तो कधी आला होता कोणास ठाऊक, माझ्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी उभा होता. हातात तिची कापडी पिशवी, जायला बांधलेली. तो फाळका वाचत होता. त्याचे ओठ हळू हलत होते, अक्षरांशी त्याचंही माझ्यासारखंच होतं. ‘न’पाशी आला आणि परत मागे गेला, परत वाचलं. शेवंतीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता तिचा हात धरेल आणि सरळ रस्त्याला लागेल, आणि मी आयुष्यभर या रांगेत तोंड वर करू शकणार नाही.

वासूने पिशवी ट्रकच्या पायरीवर ठेवली. धूळ झटकली, उगाच, तिथं झटकण्यासारखं काही नव्हतं. मग नेहमीच्या मुकादमी आवाजात, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“शेवंते, घमेलां घे. ढीग पडलो हा थंय.”

ती उतरली. घमेलं उचललं. पिशवी त्याने परत उचलली आणि तिच्या मागोमाग ढिगाकडे गेला. मिंगेलने हॉर्न दिला, लांबलचक, कारण माझ्यापुढची रांग कधीच सरकली होती आणि मी तसाच उभा होतो.

त्या दिवशी धक्क्यावर माझा नंबर यायला दुपार झाली. मी फाळका उघडला, माल खाली गेला, तांबडा ढग उठला आणि नदीवर जाऊन बसला. खाली बार्जवर एक नवा खलाशी दोर गुंडाळत होता. त्याने माझा ट्रक आधी कधी पाहिलेला नव्हता, मला तो ओळखत नव्हता. रांगेतून माझ्याआधीच तिथं पोचलेली शेवंतीची ओळ तो आपल्याच नादात गुणगुणत होता, आणि मांडावरचं टिंब त्याच्या नाकात अगदी बरोबर वाजत होतं.